'इरली' नव्हे, 'फाटली'

दुसऱ्यांच्या चुका काढून मी चौतीस वर्षं पोट भरलं. नवरा, जावई आणि शेजारी म्हणूनही मी तेच करत आलो, पण त्याचे पैसे कोणी दिले नाहीत. ते फक्त छापखान्याने दिले. मी मुद्रितशोधक होतो. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, अनुस्वार लाल पेनाने सरळ करायचे, हे माझं काम. अजूनही लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावं वाचायच्या आधी मी 'आशीर्वाद' शोधतो. त्यातला 'शी' ऱ्हस्व निघाला की मला त्या संसाराची काळजी वाटते. सदाशिव पेठेतले दोन-तीन दुकानदार तर मला लांबून येताना पाहून आपल्याच पाटीसमोर येऊन उभे राहत.

निवृत्त झालो आणि हा सगळा जोर घरावर आला. हिने दिलेल्या भाजीच्या यादीतल्या 'कोथिंबिर'वर मी लाल गोल केला आणि यादी दुरुस्त करून परत दिली. कोथिंबीर आणायची राहिली. तिसऱ्या महिन्यात हिने तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. मला नीट ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "यांना काहीतरी काम दे रे बाबा. पगार नाही दिलास तरी चालेल."

मेव्हण्याची विश्रांतवाडीला लाँड्री आहे. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली नव्हे, मोठी. एकेका मशीनमध्ये माझ्यासारखी दोन माणसं उभी राहतील एवढी. हिंजवडीतल्या गेस्ट हाउसना आणि हॉस्टेलना तो पांढऱ्या चादरी, अभ्रे, टॉवेल भाड्याने देतो. कापड त्याचं, धुणं त्याचं. झोपणारे तेवढे कंपनीचे. त्यामुळे चादर दोन वर्षं टिकायच्या ऐवजी सहा महिन्यांत गेली, तर गिऱ्हाइकाला त्याचं काहीच नसतं. नवीन चादर मेव्हण्याने आणायची.

त्याने मला 'देखरेखीला' ठेवलं. देखरेख म्हणजे नेमकं काय, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ज्याला काही येत नाही पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला पुण्यात देखरेखीला ठेवतात. दिवाळी झाल्यावर मी रोज सकाळी स्कूटरवरून विश्रांतवाडीला जाऊ लागलो. खिशाला लाल पेन होतंच. सवय हो, दुसरं काय.

तिथे तपासणीच्या टेबलाशी एक बाई उभ्या असत. वऱ्हाडातल्या, वाशीमकडच्या. धुऊन वाळून आलेली प्रत्येक चादर त्या दोन्ही हातांवर घेत, ट्यूबलाइटसमोर धरत, आणि तळवा एकदाच फिरवून बाजूला टाकत. चांगली इकडे, वाईट तिकडे. त्या वेळी त्या चादरीकडे बघतसुद्धा नसत, समोरच्या बाईशी बोलत असत. मला वाटायचं, काय हा गलथानपणा! आम्ही एका वेलांटीसाठी भिंग घेऊन बसायचो. हाताला दिसतं, हे मला कोणी छापखान्यात शिकवलं नव्हतं.

जी चादर वापरण्याजोगी राहिली नाही, ती त्या एका वहीत लिहीत. तारीख, नग, कारण. अक्षर सातवी-आठवीत सुटलेलं, पण स्वच्छ. कारणाच्या रकान्यात 'उसवली', 'कोपऱ्यात फाटली', 'करपली', 'डाग' अशी नोंद असे. आणि मधूनमधून एक शब्द यायचा: 'इरली'.

पहिल्याच आठवड्यात मी तो पकडला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! निवृत्तीनंतर इतकी ठसठशीत चूक मला प्रथमच सापडत होती. मी वही घेऊन टेबलाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अहो बाई, हे 'इरली' काय आहे? इरलं ठाऊक आहे का आपल्याला? मावळात पावसात भात लावताना बायका डोक्यावर घेतात, पानांचं असतं, ते इरलं. आपण चादरी धुतो. भात लावत नाही."

इस्त्रीच्या रोलरवरच्या पोरी फिसकन हसल्या. बाईंनी पदर खोचला, उगाच पुन्हा सोडला, पुन्हा खोचला.

"इरली म्हंजे इरली जी," त्या म्हणाल्या. "अशी… हातातून जाते ते."

"हातातून गेली म्हणजे फाटली," मी म्हणालो. "शुद्ध मराठी शब्द आहे. सोपा आहे. फा-ट-ली." आणि त्यांच्यासमोरच 'इरली'वर रेघ मारून वर लाल शाईत 'फाटली' लिहिलं. नंतर बसून मागची सगळी पानं तपासली आणि सापडेल तिथे 'इरली' खोडत गेलो. दुपार फार छान गेली.

त्या पुढेही काही दिवस 'इरली' लिहीत राहिल्या आणि मी खोडत राहिलो. मग एक दिवस त्यांनी आपण होऊन 'फाटली' लिहिलं. मी 'शाबास' म्हणालो. खरंच म्हणालो! आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण या वयात तोल जायची भीती.

बोलायला त्या चांगल्या होत्या. डबा खाताना एकदा सांगत होत्या, "माही पोरगी तुमच्याच पेठेत रायते सर. परीक्षेचा क्लास लावला तिनं. कॉट बेसिसवर खोली हाय. माहा पगार तिकडंच जातो." गावाकडे नवरा थोड्याशा शेतीत अडकलेला. मुलीला एक वर्ष अजून द्यायचं, तोवर इथे काम करायचं; नाही जमलं तर मुलीला परत न्यायचं आणि तिचं लग्न लावून द्यायचं, असं नवऱ्याचं आणि त्यांचं ठरलेलं होतं. "म्हून मी एक बी सुट्टी घेत नाई. मी रोज येतो," असं त्या म्हणाल्या.

यावर मी काय बोललो असेन? "बाई, स्त्रीने 'येते' म्हणावं, 'येतो' नाही." वऱ्हाडात बायका सर्रास 'येतो', 'जातो' म्हणतात, हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरीही बोललो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

संक्रांतीच्या सुमाराला हिंजवडीच्या एका गेस्ट हाउसची तक्रार आली की चादरी पिवळट दिसतात. मेव्हणा त्याच्या दुसऱ्या कामात होता. तो फोनवर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बघा जरा." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला अक्षरं सोडून दुसरं काही बघायला सांगत होतं. मी हुरळून गेलो.

मशीनवर कँपातले एक चाचा होते. तीन पिढ्या पुण्यात, मराठी माझ्या पुतण्यापेक्षा चांगलं. ते म्हणाले, "दोनदा धुऊ या साहेब. वेळ लागेल, पण निघेल."

"ब्लीच वाढवा की," मी म्हणालो. "एकाच्या जागी दोन मग."

"साहेब, ब्लीच कापडाला खातो."

आता, एखाद्या बऱ्या डोक्याच्या माणसाने इथे 'खातो म्हणजे काय होतं?' असं विचारलं असतं. मी म्हणालो, "ब्लीच 'खातो' की 'खातं'? आधी त्याचं लिंग ठरवा." चाचांनी "तुमची मर्जी" म्हणून दुसरा मग ओतला.

चादरी काय पांढऱ्या निघाल्या! डोळे दिपले. गेस्ट हाउसवाले खूश, मेव्हणा खूश. मी सुवाच्य अक्षरात एक पाटी करून मशीनवर चिकटवली: 'प्रत्येक फेरीस ब्लीच दोन मग. आज्ञेवरून.' कोणाच्या आज्ञेवरून, ते लिहिलं नाही. तेवढी विनम्रता आहे माझ्यात.

उन्हाळा लागला, टँकरचं पाणी सुरू झालं. चादरी धुऊन झाल्यावर साध्या पाण्यात तीनदा खळबळून काढत. मी म्हणालो, तीनदा कशाला? पूजा आहे का? एकदा बस. टँकर कमी लागू लागले आणि मी ही बचत घरी येऊन हिला दोन वेळा सांगितली. तिने दोन्ही वेळा "हो का" म्हटलं.

ब्लीचच्या पिंपावर एक कागद चिकटवलेला होता, मराठीत. तो मी पहिल्याच दिवशी वाचला होता. वाचला म्हणजे तपासला. अकरा चुका होत्या. त्यात एक ओळ अशी होती की, जास्त प्रमाणात वापरल्यास सुताची ताकत जाते, नंतर कापड भरपूर पाण्यात खळबळून काढावे, नाहीतर ड्रायरच्या उष्णतेने आतल्या आत खराब होते. त्या ओळीत 'ताकत' असं छापलं होतं. मी 'त' खोडून 'द' केला आणि पुढच्या ओळीवर गेलो. मुद्रितशोधकाचं असंच असतं. तो अक्षर न् अक्षर बघतो आणि वाचत काहीच नाही.

एप्रिलपर्यंत बाद चादरींचा ढीग टेबलाएवढा झाला. रविवार पेठेतून नवीन कापडाचे गठ्ठे आले, तेही संपत आले, पुन्हा आणायची वेळ आली. मेव्हणा एका शनिवारी सकाळी वही घेऊन बसला. पान उलटलं, फाटली. पुढचं उलटलं, फाटली, फाटली, फाटली. जुन्या पानांवर लाल शाईत, नव्या पानांवर बाईंच्या अक्षरात. त्याला कोणीही दोष देऊ नये. वहीत जे होतं ते त्याने वाचलं. चादर फाटते म्हणजे कोणीतरी फाडतं. ओढताना, आपटताना, खिळ्यात अडकवून. आणि सगळ्या चादरी शेवटी जायच्या एकाच बाईच्या हातून.

"नुसती ओढून फेकते हो," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंय ना भाऊजी? चादरीकडे बघतसुद्धा नाही."

मी म्हणालो, "ते मात्र खरं आहे."

हे मी म्हणालो. हे वाक्य मी कोणाच्या तरी तोंडी घालून मोकळा होऊ शकलो असतो, पण ते माझंच आहे.

अर्ध्या तासाने मेव्हण्याने मला व्हॉट्सॲपवर पत्राचा मजकूर पाठवला. 'भाऊजी, शुद्धलेखन बघून घ्या.' कामातील निश्काळजीपणामुळे मालाचे नुकसान झाले असून सोमवारपासून कामावर येऊ नये, असा मजकूर. मी 'निश्काळजी'मधला 'श' पोटफोड्या 'ष' केला. एक स्वल्पविरामही घातला. म्हणजे त्या बाईंचा निष्काळजीपणा मीच शुद्ध करून दिला.

पत्र दिलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी ते दोनदा वाचलं. मेव्हण्याला म्हणाल्या, "मी फाडली नाई जी. एक बी नाई."

"वहीत तुम्हीच लिहिलंय ना बाई?"

त्या माझ्याकडे बघू लागल्या. वहीत आधी काय लिहिलं होतं, हे तिथे दोघांनाच माहीत होतं. त्यांतल्या एकाला ते कळलेलं नव्हतं, आणि तो चष्मा पुसत होता. त्यांनी डबा पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि गेल्या.

दुसरा दिवस रविवार. हिच्या कुरडया चालल्या होत्या. बाद चादरींपैकी दोन मी मोठ्या फुशारकीने घरी आणल्या होत्या. धुऊन, उकळून हिने त्या गच्चीवर कुरडया घालायला पसरल्या होत्या. आदल्या दिवशी घातलेल्या कुरडया वाळल्या, आणि ही एकेक सोडवायला लागली. जरा ओढलं की कुरडईबरोबर चादरीचा तुकडा हातात. टर्र असा आवाजही नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा तुकडा. वैतागून तिने चादर दोन्ही टोकांना धरून उचलली, तर ती मधोमध सुटली आणि निम्म्या कुरडया खाली.

"अहो! हे काय आणून दिलंत मला?"

"बाद माल आहे," मी म्हणालो. "फाटलेली आहे ती."

"फाटलीय कुठे? फाटलेलं कापड एका जागी फाटतं, बाकीचं धड असतं. ही विरलीय. बघा, कुठेही बोट घाला. अगदी विरून गेलीय मेली."

"काय म्हणालीस?"

"विरली. का? चूक आहे का त्यात काही?"

वि-र-ली. विहिरीला इहीर. विस्तवाला इस्तू. विसाला ईस. ग्रामीण कथांची शेकडो पानं मी तपासली आहेत. 'इहीर' आली की समासात 'बोलीतील, तसेच ठेवावे' असं लिहिणारा मीच. एका लेखकाने 'इंचू' लिहिलेला कंपोझिटरने 'विंचू' केला, तेव्हा त्याच्यावर मी केवढा ओरडलो होतो! आणि त्या बाई सुरुवातीला कितीतरी दिवस माझ्यासमोर 'इरली' लिहीत होत्या, हातवारे करून सांगत होत्या, 'हातातून जाते ते', आणि मी त्यांना भातलावणी शिकवत होतो.

मी मटकन खाली बसलो. कुरडयांवर.

"अरे देवा! उठा, उठा आधी!" ही ओरडली. मग तिने माझं तोंड पाहिलं. "काय झालं हो? छातीत दुखतंय का?"

मी तिला सगळं सांगितलं. ब्लीचचे मग, पाटी, टँकर, वही, पत्र. ती चुऱ्यातल्या धड कुरडया वेचत ऐकत होती. ब्लीचच्या दोन मगांपाशी आल्यावर म्हणाली, "अहो, तुमचा पांढरा सदरा नव्हता का मी एकदा ब्लीचमध्ये विसरले? पाठीवर हात ठेवला तर हात आत. सुतातला जीवच जातो. आणि धुऊन काढायचंही बंद केलंत तुम्ही, म्हणजे राहिलेलं ब्लीच ड्रायरमध्ये शिजतं आतच." चाचांनी जे एका वाक्यात सांगितलं होतं आणि पिंपावरच्या कागदाने जे अकरा चुकांसह सांगितलं होतं, तेच. टँकर वाचवून मी चादरी घालवल्या होत्या. लोक आवळा देऊन कोहळा काढतात. मी कोहळा देऊन आवळा आणला होता आणि वर घरी येऊन त्याची बढाई मारली होती.

"आणि त्या बाई?" ही म्हणाली. "त्यांची मुलगी इथेच राहते म्हणालात ना?"

मला इतकी लाज वाटली की खरं सांगतो, रडू येईल असं वाटलं. चूक काढणं हा माझा धंदा होता, आणि धंद्यातल्या माणसाने एक अक्षर वाचलं नाही म्हणून एका बाईचं काम गेलं होतं.

दुपारी मी शुद्धिपत्र लिहायला बसलो. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर शेवटी एक चिठ्ठी चिकटवतात: अमुक पान, अमुक ओळ, याऐवजी असे वाचावे. दुसरं काही मला येतच नाही. लिहिलं: 'सदर वहीत अनवधानाने काही ठिकाणी शब्दबदल झाला असण्याची शक्यता आहे.' हिने ते वाचलं.

"झाला असण्याची? कोणी केला? वाक्यात कर्ता कुठे आहे?"

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने व्याकरणाची काढलेली ही पहिली चूक. मी फाडून दुसरं लिहिलं. पाचव्या कागदावर कर्ता आला. 'मी.'

सोमवारी सकाळी मेव्हण्याच्या टेबलावर तो कागद ठेवला. 'पान तीनपासून पान एकोणिसापर्यंत, जिथे जिथे मी लाल शाईत "फाटली" केले आहे, तिथे "इरली" असे वाचावे. इरली म्हणजे विरली. त्यापुढील पानांवर बाईंनी माझ्या सांगण्यावरून "फाटली" लिहिले आहे, तिथेही तसेच वाचावे. ब्लीच मी वाढवले. पाणी मी कमी केले. चादरी कोणीही फाडलेल्या नाहीत.'

त्याने वाचलं. उठला, ढिगातून एक चादर ओढली, दोन मुठींत धरून ताणली. ती निमूट वेगळी झाली. दुसरी घेतली, तीही. तिसरी त्याने घेतलीच नाही.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे नसता ना…" आणि पुढचं गिळलं. मशीनवरची माझी पाटी त्याने स्वतः जाऊन काढली. चाचांना म्हणाला, एक मग, आणि तीन पाणी. चाचा "बरं" म्हणाले आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. मग मेव्हणा म्हणाला, "जा आता. घेऊन या त्यांना."

दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत त्यांची खोली. दारात एक गादी गुंडाळून ठेवलेली, शेजारी पुस्तकांनी भरलेली खताची गोणी. मुलगी उंबऱ्यात बसली होती. आदल्या दिवशी तिने पेठेतली कॉट सोडली होती. अनामत परत मिळाली की दोघी संध्याकाळच्या गाडीने गावी निघणार होत्या. म्हणजे मी दुपारी शुद्धिपत्राची पाचवी प्रत काढत होतो तेव्हा, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ही पोर पुस्तकं गोणीत भरत होती.

"या जी," बाई म्हणाल्या. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

मी कागद पुढे केला. बाईंचा चष्मा बांधलेल्या सामानात गेला होता म्हणून त्यांनी तो मुलीकडे दिला. मुलीने मोठ्याने वाचला. 'इरली म्हणजे विरली' यापाशी ती थांबली आणि आईला म्हणाली, "आई, पुस्तकात 'विरली'च म्हणतात गं."

बाईंनी मान हलवली. "मंग सरचं बरोबर होतं. माहाच शब्द चुकला."

"नाही हो," मी म्हणालो, "चुकलेला नव्हता. तो एकच शब्द बरोबर होता. चूक माझी आहे. माफ करा मला."

त्या जरा गोंधळल्या. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाने हात जोडले की करायचं काय, हे त्यांना सुचेना. त्यांनी रिकामा पेला उचलून आत नेला. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "उद्यापासून येतो जी." मुलीने गादीची दोरी पुन्हा घट्ट केली, परत पेठेत न्यायला. कॉट अजून कोणाला दिली नव्हती, हे आमचं नशीब. त्यात माझी काही कर्तबगारी नव्हती. मी फक्त रिक्षाचे पैसे दिले, आणि तेही तिने घ्यायला दोनदा नकार दिला.

आता चादरी तीन पाण्यांतून निघतात. थोड्या कमी पांढऱ्या दिसतात. गेस्ट हाउसवाल्यांना मेव्हण्याने समजावलं. जुना माल अजून अधूनमधून जातोच, कारण गेलेलं सूत परत धड होत नाही. पण नवीन गठ्ठे टिकतायत. मेव्हण्याने मला काढलं नाही. मुलगी क्लासला जाते. मंडईच्या वाटेवर कधी दिसली तर नमस्कार करते.

बाई रोज येतात. तशाच तळव्यावर चादर घेतात, बघत नाहीत, बाजूला टाकतात. पण वही लिहीत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमीच लिहा जी." तेव्हापासून त्या चादर टाकतात, मी लिहितो. आणि आता त्या उसवली म्हणत नाहीत, करपली म्हणत नाहीत, इरली तर नाहीच नाही. सगळ्याला एकच शब्द: "खराब."

परवा न राहवून मी विचारलं, "खराब म्हणजे कशी, बाई?"

चादर माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "तुमी बघा नं सर. तुमाले शब्द येतात."